दख्खनच्या चर्टमधली झाडं: छेद, पील आणि सुट्या भागांची जोडणी

विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या छिंदवाडा-मंडला पट्ट्यात बेसॉल्टच्या दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे चर्टचा, म्हणजे गारगोटीसारख्या सिलिकायुक्त दगडाचा, पातळ थर सापडतो. शेतात नांगर फिरला की त्याचे तुकडे वर येतात आणि शेतकरी ते वेचून बांधावर टाकतात. करड्या, पिवळट किंवा काळपट रंगाचा हा टणक दगड फोडला, की कधी आत फळाचा गोल छेद दिसतो, कधी एखादं बी, कधी ताडवर्गीय खोडाचे ठिपके. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा टप्प्याटप्प्याने बाहेर पडत होता. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात खोलगट भागांत तळी साचली, काठावर झाडं वाढली, त्यांची फळं, पानं, खोडं गाळात पडली आणि सिलिकाने भरून दगड झाली. पुढच्या लाव्ह्याने ते सगळं झाकून टाकलं. या थरांना इंटरट्रॅपियन थर म्हणतात.

नागपूरजवळची टाकळी आणि माहूरझरी, वर्धा जिल्ह्यातलं नवरगाव, छिंदवाडा जिल्ह्यातलं मोहगाव कलां ही गावं जगभरच्या पुरावनस्पतिशास्त्रज्ञांना याच दगडामुळे माहीत आहेत. टाकळीचे जीवाश्म स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर गोळा केले. बिरबल सहानी, नागपूरचे व्ही. बी. शुक्ला, शामला चितळे यांनी विसाव्या शतकात या चर्टमधल्या फुलाफळांवर पायाभूत काम केलं.

या दगडावरून वनस्पतींच्या उत्क्रांतीबद्दल खात्रीने काही म्हणायचं, तर दोन गोष्टी लागतात. योग्य दिशेने घेतलेले पुरेसे छेद, आणि एकाच झाडाच्या सुट्या पडलेल्या भागांची पुराव्यानिशी केलेली जोडणी. संगणकावर काढलेले वंशवृक्ष आणि कालगणना त्यानंतर येतात. छेदच चुकला असेल तर पुढचं गणित कितीही बारकाईने केलं तरी उत्तर चुकणारच. म्हणून इथे निष्कर्षांपेक्षा छेदांबद्दल जास्त लिहितो आहे.

दगड निवडताना

इंटरट्रॅपियन थरात चर्टसोबत चुनखडक, चिकणमाती आणि राखेचे थरही असतात. चर्ट ओळखायला सोपा आहे. पोलादी चाकूने त्यावर ओरखडा उठत नाही, उलट चाकूचाच धातू दगडावर घासला जातो. फोडल्यावर शिंपल्यासारखे वक्र, धारदार पृष्ठ दिसतात. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला तर फेस येत नाही. फेस आला तर तो चुनखडक आहे किंवा चर्टमध्ये कॅल्साइट मिसळलेलं आहे, आणि मग पुढची पद्धत बदलावी लागते. चर्ट फोडताना डोळ्यावर गॉगल हवाच. त्याच्या कपच्या काचेइतक्या धारदार असतात आणि लांबवर उडतात.

सगळ्या चर्टमध्ये झाडं नसतात. पांढरट, सच्छिद्र, बोटाला खडूसारखी पूड लागणारी साल म्हणजे झिजलेला भाग, त्यातून सेंद्रिय द्रव्य निघून गेलेलं असतं. आतला तपकिरी किंवा काळपट भाग कामाचा. दगड ओला करून दहापट भिंगाखाली पाहावा. पाण्यामुळे पृष्ठभागावरचा विखुरलेला प्रकाश कमी होतो आणि पेशींची जाळी एकदम उठून दिसते. कोरड्या दगडात काहीच दिसत नाही म्हणून टाकून दिलेले तुकडे ओले केल्यावर हमखास बोलायला लागतात.

शेतात सुट्या सापडलेल्या तुकड्याची मोठी अडचण म्हणजे तो कोणत्या लाव्हा-थराच्या वरचा आणि कोणत्या थराच्या खालचा, हे त्यावरून कळत नाही. वनस्पतीची रचना अभ्यासायला असा तुकडा चालतो, वयाबद्दल विधान करायला चालत नाही. त्यासाठी आसपास ओढ्याच्या काठाला किंवा विहिरीच्या खोदकामात मूळ थर शोधावा, खालीवरचा बेसॉल्ट नोंदवावा, अक्षांश-रेखांश टिपून ठेवावे. जमीनमालकाची परवानगी आधी घ्यावी. डिंडोरी जिल्ह्यातल्या घुघुआसारख्या राष्ट्रीय उद्यानातून एक खडासुद्धा उचलायचा नसतो.

पेशीच्या जागी दगड आला, असं नसतं

जीवाश्म म्हणजे झाडाचा कण न् कण जाऊन त्याजागी दगड आला, अशी समजूत सगळीकडे आहे. चांगल्या टिकलेल्या चर्टच्या बाबतीत ती चुकीची आहे. ज्वालामुखीची राख आणि बेसॉल्ट झिजताना पाण्यात सिलिका विरघळते. ते पाणी ताज्या किंवा नुकत्याच कुजायला लागलेल्या ऊतींमध्ये शिरतं, आणि सिलिका पेशीच्या पोकळीत व भित्तीच्या सूक्ष्म छिद्रांत साचते. सेल्युलोज आणि लिग्निनवरच्या हायड्रॉक्सिल गटांशी सिलिकिक आम्लाचे बंध जुळतात, त्यामुळे साचण्याची सुरुवातच भित्तीपाशी होते. आधी ओपलसारखं जेल, मग हळूहळू सूक्ष्म स्फटिकांचं क्वार्ट्झ. मूळ भित्तीतला कार्बन, बदललेल्या रूपात का होईना, जागेवर राहतो.

याचा पुरावा प्रयोगशाळेत डोळ्यांसमोर मिळतो. चर्टचं पृष्ठ हायड्रोफ्लुओरिक आम्लात बुडवलं की सिलिका विरघळते आणि पेशीभित्ती पृष्ठभागाच्या वर उभ्या राहतात. भित्तीच्या जागी निव्वळ सिलिका आली असती तर त्या सिलिकाबरोबरच गेल्या असत्या. पील पद्धतीचा, म्हणजे अशा उभ्या राहिलेल्या भित्ती पारदर्शक फिल्ममध्ये रुतवून ती फिल्म सोलून काढण्याचा, सगळा आधार हाच आहे.

कापण्याआधीचा विचार

दगड एकदा कापला की जोडता येत नाही. म्हणून आधी चारही बाजूंनी फोटो, मापं आणि फळ किंवा बी किती तिरपं बसलंय याची आकृती. फळाचा अक्ष कुठल्या दिशेने आहे हे ठरवल्याशिवाय करवत लावू नये. फळाच्या आडव्या छेदात कप्पे किती हे कळतं, पण बीजांड कप्प्याच्या तळाशी लागलंय की वरून लोंबतंय हे कळायला उभाच छेद लागतो. हाती एकच नमुना असेल तर आधी मधोमध आडवा छेद घ्यावा, एक अर्धा भाग आडव्या मालिकेसाठी ठेवावा आणि दुसऱ्यातून उभे छेद काढावेत.

डायमंड ब्लेड जितकं पातळ तितकं चांगलं. साध्या लॅपिडरी (रत्नं कापायच्या) करवतीचं पातं एक मिलिमीटरपेक्षा जाड असतं, आणि तेवढी जाडी दर कापागणिक भुकटी होऊन वाहून जाते. दोन मिलिमीटरच्या बियांच्या नमुन्यात हे परवडत नाही. पाव-अर्ध्या मिलिमीटरचं पातं, सतत पाण्याची धार आणि कमी दाब, एवढं पाळलं की बरंच वाचतं. दाब वाढवला की पातं वाकतं, छेद तिरका जातो आणि दगडातल्या जुन्या भेगा उघडतात. भेगा आधीच दिसत असतील तर कापण्यापूर्वी पातळ इपॉक्सी जिरवून घ्यावी.

पील काढणं

जॉन वॉल्टन यांनी १९२८ मध्ये पील पद्धत मांडली. तेव्हा पृष्ठभागावर द्रावण ओतून ते वाळवावं लागे. १९५६ मध्ये जॉय, विलिस आणि लेसी यांनी तयार सेल्युलोज अ‍ॅसिटेटची फिल्म वापरायला सुरुवात केली आणि तासांचं काम मिनिटांवर आलं. आजही तीच रीत चालते.

कापलेलं पृष्ठ काचेच्या जाड तुकड्यावर कार्बोरंडम पावडर आणि पाण्यात घासायचं. आधी २२० नंबर, मग ४००, शेवटी ६००. दोन नंबरांच्या मध्ये दगड आणि हात दोन्ही नीट धुवायचे, आणि दर नंबरासाठी काच वेगळी ठेवायची. भरड पावडरचा एक कण जरी पुढच्या टप्प्यात आला तरी त्याचा ओरखडा पीलवर रेघ म्हणून उमटतो, आणि पेशींच्या रांगेत ती रेघ वाहिनीसारखी दिसते. काच मध्ये झिजून खोलगट झाली असेल तर दगडाचं पृष्ठ फुगीर होतं आणि फिल्म कडेला चिकटत नाही. काच अधूनमधून पालटून घ्यावी.

मग आम्ल. प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये काही मिलिमीटर आम्ल, त्यात दगडाचं घासलेलं पृष्ठ खाली करून प्लॅस्टिकच्या टेकूंवर ठेवायचा. ४० टक्के हायड्रोफ्लुओरिक आम्लात बहुतेक चर्टला अर्धा ते दोन मिनिटं लागतात, पण वेगवेगळ्या ठिकाणच्या, कधी एकाच थरातल्या दोन दगडांनाही वेगळा वेळ लागतो. म्हणून त्याच दगडाच्या टाकाऊ तुकड्यावर आधी वीस, चाळीस, साठ, नव्वद सेकंदांची चाचणी घ्यावी. वेळ कमी पडला तर भित्ती पुरेशा वर येत नाहीत आणि पील फिकट निघतो. जास्त झाला तर उंच झालेल्या पातळ भित्ती आडव्या पडतात. असा पील पाहिला की पेशी दुमडलेल्या, चेपलेल्या वाटतात, आणि हा दाब गाळाखाली आला असं चुकीचं वर्णन छापलं जाऊ शकतं. शंका असेल तर त्याच जागेचा पातळ छेद काढून पाहावा. आम्ल न लागलेल्या छेदातही पेशी चेपलेल्या असतील तरच दाब खरा.

आम्लातून काढल्यावर दगड संथ पाण्यात बराच वेळ ठेवायचा, कारण भेगांमध्ये आम्ल राहतं. त्या पृष्ठाला बोट लावायचं नाही, फडक्याने पुसायचं नाही, नळाची जोरकस धार सोडायची नाही. भित्ती काही मायक्रॉन उंचीच्या आणि कार्बनच्या आहेत, स्पर्शाने मोडतात. दगड आपोआप पूर्ण वाळू द्यायचा. ओलावा राहिला तर अ‍ॅसिटेट दुधाळ होतं.

वाळलेला दगड वाळूच्या ट्रेमध्ये पृष्ठ वर करून, किंचित उताराने बसवायचा. ५० ते ७५ मायक्रॉन जाडीची अ‍ॅसिटेट फिल्म दगडापेक्षा सगळीकडून एकेक सेंटिमीटर मोठी कापायची. पृष्ठभागावर अ‍ॅसिटोन ओतलं की लगेच फिल्म वरच्या कडेला टेकवून उताराच्या दिशेने उलगडत न्यायची, म्हणजे अ‍ॅसिटोनची लाट पुढे सरकते आणि हवा तिच्यासोबत बाहेर जाते. वरून बोटाने दाबायचा मोह टाळावा. दाबलं की भित्ती वाकतात आणि बुडबुडे अडकतात. अ‍ॅसिटोन कमी पडलं तर बुडबुडे येतात, जास्त झालं तर फिल्म विरघळून सुरकुतते. पंख्याखाली हे काम करू नये, अ‍ॅसिटोन फिल्म पोचायच्या आत उडतं.

अर्ध्या तासाने फिल्म सोलता येते, रात्रभर ठेवली तर जास्त सपाट निघते. सोललेल्या फिल्ममध्ये भित्ती रुतून येतात. हवा तो भाग कापून स्लाइडवर कॅनडा बाल्समने बसवायचा. अ‍ॅसिटोन असलेलं कोणतंही माध्यम इथे चालणार नाही, पीलच विरघळून जाईल. पुढच्या पीलसाठी ६०० नंबरवर दगड थोडाच घासायचा, मागच्या पीलचे उरलेले भित्तीचे अवशेष जाईपर्यंत. हाताचा अंदाज बसला की दोन पीलमधलं अंतर पन्नास मायक्रॉनच्या आसपास ठेवता येतं. दर पाचव्या पीलला दगडाची जाडी मायक्रोमीटरने मोजून वहीत लिहावी. नाहीतर पुढे त्रिमितीय रचना उभी करताना उभं माप कुठून आणणार?

हायड्रोफ्लुओरिक आम्लाबद्दल वेगळं सांगायलाच हवं. हे घरी, गॅलरीत, शाळेच्या प्रयोगशाळेत करायचं काम नाही. सौम्य द्रावण अंगावर पडलं तर सुरुवातीला दुखतही नाही, पण फ्लुओराइड त्वचेतून आत जाऊन रक्तातलं कॅल्शियम बांधून घेतं आणि हृदयाची लय बिघडू शकते. चालू स्थितीतला फ्यूम हूड, आम्लरोधक जाड हातमोजे, चेहऱ्यावर शील्ड, अंगावर अ‍ॅप्रन, हाताशी २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट जेल, आणि सोबत दुसरी जाणकार व्यक्ती, यातलं एकही नसेल तर बाटली उघडू नये. काचेचं भांडं आम्ल खातं, म्हणून सगळी भांडी प्लॅस्टिकची. वापरलेलं आम्ल भरपूर चुना कालवलेल्या पाण्यात मुरवावं, त्यातून न विरघळणारं कॅल्शियम फ्लुओराइड तयार होतं. खाण्याच्या सोड्याने आम्लपणा जातो, पण विषारी फ्लुओराइड पाण्यात तसंच राहतं.

आम्लाशिवाय

ज्यांच्याकडे ही सोय नाही त्यांनी पातळ छेद काढावेत. चर्टच्या अभ्यासातलं कितीतरी जुनं काम याच रीतीने झालंय. तीन-चार मिलिमीटरचा काप, एक बाजू ६०० पर्यंत घासून गुळगुळीत, पारदर्शक इपॉक्सीने काचेच्या स्लाइडवर चिकटवायचा, आणि दुसरी बाजू घासत आणायची. खडकशास्त्रात ३० मायक्रॉन जाडी ठरलेली असते. वनस्पतींसाठी इतकं पातळ करायची घाई नको. ५० ते ८० मायक्रॉनला भित्तींचा मधासारखा तपकिरी रंग टिकतो, ३० ला तो इतका फिका होतो की कोवळ्या ऊती दिसेनाशा होतात. शेवटच्या टप्प्यात दर काही सेकंदांनी स्लाइड मायक्रोस्कोपखाली बघावी. कडा आधी उडतात, म्हणून महत्त्वाचा भाग कापाच्या मध्यावर राहील असा काप घ्यावा.

ज्या चर्टमध्ये भित्तीतला कार्बन पूर्ण गेलाय आणि आकार फक्त लोहाच्या रंगाने दिसतोय, तिथे पील कोरा निघतो. तिथे पातळ छेद हाच उपाय. एक्स-रे मायक्रो-सीटीने नमुना न कापता आतला भाग दिसतो. फळातल्या पोकळ्या, कोयीची भिंत, बियांची संख्या यांसाठी ते उत्तम आहे. पण सिलिकाने भरलेल्या पेशी आणि भोवतालचा सिलिका यांच्या घनतेत फरक फार कमी, त्यामुळे पेशीपातळीचा तपशील सीटीत सहसा मिळत नाही. आधी सीटी करून अक्ष ठरवावा आणि मग कापावं, हा क्रम मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

द्राक्षाच्या बीचं उदाहरण

छेदाची दिशा का महत्त्वाची, हे बियांच्या काळ्या मनुका आणून घरीही पाहता येतं. बेदाण्यात बी नसते, मनुकाच हव्या. बी कोमट पाण्यात भिजवून साफ करा. पोटाच्या बाजूला मधोमध एक उभा कंगोरा आणि त्याच्या दोन्ही अंगांना एकेक खाच दिसेल. पाठीवर एक लंबगोल किंवा चमच्याच्या आकाराचा ठसा, तो चलाझा. आता धारदार ब्लेडने बी मधोमध आडवी कापा. बीचं कवच दोन ठिकाणी आत वळून गेलेलं दिसेल, आणि त्यामुळे आतला भ्रूणपोष इंग्रजी एम अक्षरासारखा भासेल. पोटावर दोन वळ्या आणि पाठीवर चलाझा, ही जोडी द्राक्षकुळाची खूण आहे.

आता तीच बी टोकाजवळ कापा. वळ्या उथळ होतात किंवा नसतातच, आणि छेद कुठल्याही गोल बीसारखा दिसतो. पोट आणि पाठ यांना समांतर उभा छेद पाठीजवळून गेला तर वळ्या लागतच नाहीत. चर्टमध्ये बी कशी पडली असेल ते आपल्या हातात नाही, म्हणून एकाच छेदावरून कुळ ठरवणं धोक्याचं. सलग पील असतील तर वळी कुठे सुरू होते, किती आत जाते, कुठे संपते हे मोजता येतं.

दख्खनच्या चर्टमधून २०१३ मध्ये इंडोव्हायटिस चितळेई या नावाने द्राक्षकुळातली फळं आणि बिया वर्णन झाल्या. नाव शामला चितळे यांच्या सन्मानार्थ. द्राक्षकुळाची आजवर माहीत असलेली ती सर्वांत जुनी फळं. हे ठामपणे म्हणता आलं, कारण कवचाचे थर, वळ्या आणि चलाझा एकाच नमुन्यात वेगवेगळ्या दिशांच्या छेदांत तपासता आले. नुसतं बाहेरून साम्य दिसलं असतं तर इतकं मोठं विधान टिकलं नसतं.

तुलनेसाठी आजच्या झाडांचेही छेद लागतात, आणि तेही त्याच दिशेने, त्याच वयाच्या फळांचे. पिकलेल्या फळाची कोय आणि कोवळ्या फळाची कोय यांत भित्तींची जाडी पूर्ण वेगळी असते. जीवाश्म फळ तळ्यात पडलं तेव्हा ते कच्चं होतं की पक्व, हे बीजातल्या भ्रूणपोषाच्या अवस्थेवरून आधी ठरवावं.

वाचताना फसवणाऱ्या गोष्टी

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे दुसऱ्या झाडाची मुळं. कुजणाऱ्या खोडात किंवा फळात शेजारच्या झाडांची कोवळी मुळं शिरतात आणि सगळं एकत्रच दगड होतं. छेदात ती नीटस गोल दिसतात, मध्ये झायलेमचा (पाणी वाहणाऱ्या ऊतीचा) तारा, भोवती पेशींची कडी. त्यांना बीजांड किंवा वाहक पूल (पाणी आणि अन्न वाहणाऱ्या नळ्यांचा जुडगा) समजून वर्णन होऊ शकतं. सलग पीलमध्ये ती ऊतींना न जुमानता तिरकी आरपार जातात, त्यावरून ओळखावीत. तशीच बुरशी. तिचे तंतू पेशीतून पेशीत जातात आणि गोल बीजाणू परागकणांसारखे दिसतात. परागकणाला ठरावीक जागी छिद्र किंवा खाच असते, ती सापडेपर्यंत पराग म्हणू नये.

ताडवर्गीय खोडांमध्ये वेगळाच घोळ आहे. सुट्या ताडखोडाच्या जीवाश्मांना पामोझायलॉन हे वंशनाम देतात आणि जाती ठरवताना वाहक पुलांची घनता, त्यांच्या दृढऊतींच्या टोप्यांचा आकार, मधल्या मृदू ऊतीची रचना पाहतात. पण एकाच खोडात सालीजवळ पूल दाटीवाटीने असतात आणि टोप्या मोठ्या असतात, गाभ्याकडे पूल विरळ होतात. म्हणजे एकच खोड तीन ठिकाणी फुटलं तर तीन जाती तयार होऊ शकतात. नवी जात छापायच्या आधी तुकडा खोडाच्या बाहेरचा की आतला, हे लिहिलंच पाहिजे. कडेपासून मध्यापर्यंत सलग पट्टी मिळाली तर दर सेंटिमीटरला पूल मोजावेत. पामोझायलॉनच्या जातींची यादी लांबलचक आहे. त्या यादीवरून त्या काळी इतक्या जातींचे ताड होते असा निष्कर्ष काढणं मला अजिबात पटत नाही.

सुटे भाग जोडणं

झाड कधी अख्खं सापडत नाही. खोड, मूळ, पान, फूल, फळ, पराग सुटे मिळतात आणि जीवाश्मांच्या नामपद्धतीत प्रत्येकाला वेगळं नाव देता येतं. ताडाचंच खोड पामोझायलॉन, मूळ रायझोपामोझायलॉन, फळ पामोकार्पन. ही नावं अज्ञान प्रामाणिकपणे नोंदवण्यासाठी आहेत, आणि त्या अर्थाने ती चांगलीच आहेत. घोटाळा तेव्हा होतो, जेव्हा कुणी नावं मोजून तितकी झाडं मानतं, किंवा उलट, एका दगडात शेजारी पडलेत म्हणून दोन भाग एकाच झाडाचे ठरवतं.

सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे प्रत्यक्ष जोड, देठाला लागलेलं फळ. त्याच्या खालोखाल समान अंतर्रचना. मोहगाव कलांचं एनिग्मोकार्पन हे फळ सहानींनी १९४३ मध्ये सविस्तर वर्णन केलं आणि मेंदीच्या कुळाशी, म्हणजे लिथ्रेसीशी, त्याचं नातं सांगितलं. ताम्हण, धायटी, डाळिंब ही आपल्या ओळखीची झाडं याच कुळातली. पुढच्याच वर्षी शुक्लांनी त्याच ठिकाणचं फूल सहानिअँथस नावाने प्रसिद्ध केलं आणि फूल व फळ यांची नाळ जुळवून दाखवली. इथे एकत्र सापडणं हा आधार पुरेसा नव्हता, अंडाशयातली रचना फळातल्या रचनेशी जुळावी लागली. याहून हलका पुरावा म्हणजे वारंवार एकत्र सापडणं. तो सुचवतो, सिद्ध करत नाही, आणि लेखात तसंच लिहावं.

नातं, वय आणि समुद्र

वर्णन पक्कं झालं की वैशिष्ट्यांचा तक्ता करून आजच्या जातींसोबत वंशवृक्षात जीवाश्म बसवतात. तक्त्यात न दिसलेलं वैशिष्ट्य आणि नसलेलं वैशिष्ट्य वेगळं नोंदवायला हवं. पाकळ्या टिकल्या नाहीत म्हणजे फुलाला पाकळ्या नव्हत्या असं होत नाही. तिथे शून्य घातलं की जीवाश्म झाडाच्या भलत्याच फांदीवर जाऊन बसतो.

दख्खनच्या हायफिनिओकार्पन इंडिकम या फळावर २०१९ मध्ये असंच काम प्रसिद्ध झालं. मायक्रो-सीटी आणि अंतर्रचनेवरून ते ताडाच्या बोरॅसी या गटात बसलं. आपला ताडगोळा याच गटातला. त्यातून या गटाची सुरुवात क्रिटेशस काळात, म्हणजे डायनोसॉरच्या युगाच्या शेवटच्या कालखंडात, झाली असं दिसतं. इथे लक्षात ठेवायचं ते हे, की जीवाश्म फक्त किमान वय सांगतो. गट त्याआधी किती काळ होता हे त्यातून कळत नाही. शिवाय तो आजच्या गटाच्या आत बसतो की त्याच्या मुळाशी असलेल्या, आता नष्ट झालेल्या फांदीवर, हे ठरल्याशिवाय ते वय रेण्वीय घड्याळाला (डीएनएतल्या फरकांवरून काळ मोजण्याच्या पद्धतीला) जोडू नये.

झाडं आजच्यासारखी दिसतात म्हणून थर तरुण असावा, हा तर्क किती फसवू शकतो याचं उदाहरण याच दगडात आहे. सहानींनी १९३४ मध्ये दख्खनचा लाव्हा क्रिटेशसचा की त्यानंतरच्या टर्शरी काळाचा हा प्रश्न मांडला आणि निपा ताडाची फळं, पाण्यावर तरंगणारा नेचा अ‍ॅझोला यांसारख्या वनस्पतींवरून टर्शरीच्या बाजूने मत दिलं. तेव्हा हाताशी असलेल्या पुराव्यावर ते मत सुसंगत होतं. पुढे लाव्ह्याचं किरणोत्सारी कालमापन आणि चुंबकीय ध्रुवांच्या नोंदी आल्या आणि मुख्य उद्रेक ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या क्रिटेशस-टर्शरी सीमेच्या आजूबाजूला बसला. अर्थ असा, की ही कुळं आपण समजत होतो त्याहून जुनी निघाली. थराचं वय वनस्पतींवरून आणि वनस्पतींचं वय थरावरून, असं वर्तुळ होऊ नये म्हणून वयाचा पुरावा नेहमी स्वतंत्र हवा.

निपा आज खाऱ्या-गोड्या पाण्याच्या संगमावर वाढतो, सुंदरबन आणि अंदमानात आहे. त्यामुळे मोहगावपर्यंत समुद्राचा फाटा आला होता असा अर्थ लावला गेला. पण त्याच ठिकाणी अ‍ॅझोला, साल्व्हिनियासारख्या गोड्या पाण्याच्या वनस्पतीही आहेत, आणि निपाची फळं पाण्यावर तरंगत लांब जातात. फळासोबत त्याचा काटेरी पराग, खोड, पानं मिळतात का, आणि थरात समुद्री सूक्ष्मजीव आहेत का, हे तपासून मगच समुद्राबद्दल बोलावं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याचं काम अगदी वेगळ्या वाटेने झालं. लाव्ह्याखालच्या लमेटा थरांतल्या डायनोसॉरच्या अश्मीभूत विष्ठेत गवतांचे फायटोलिथ, म्हणजे पेशीत तयार झालेले सिलिकाचे कण, मिळाले आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. डायनोसॉरच्या काळात गवतं होती आणि त्यांच्यात विविधताही होती, हे तिथून ठामपणे कळलं. त्या कामात छेद लागत नाहीत, पण प्रयोगशाळेतली आजची धूळ नमुन्यात न मिसळू देणं हे मोठं काम असतं, कारण आजच्या गवताचे फायटोलिथ सगळीकडे उडत असतात. प्रत्येक नमुन्यासोबत एक कोरा नमुना त्याच प्रक्रियेतून काढावा लागतो.

नोंदी

प्रत्येक दगडाला एक क्रमांक, प्रत्येक कापाला अक्षर, प्रत्येक पीलला वरून खाली अनुक्रम, आणि कुठली बाजू वर आहे याची खूण. पील उलटा बसवला तर डावं-उजवं बदलतं आणि पाकळ्यांची मांडणी किंवा पानांच्या वळणाची दिशा उलटी छापली जाते. नवी जात वर्णन केली असेल तर प्रारूप नमुना (ज्याच्या आधारे जातीचं नाव दिलं तो), त्याचे उरलेले तुकडे आणि स्लाइड एकत्र, लखनौच्या बिरबल सहानी संस्थेसारख्या किंवा अन्य सार्वजनिक संग्रहात जमा कराव्यात. सगळा दगड पीलमध्ये संपवू नये, निदान एक काप पुढच्या तंत्रासाठी राखावा. आज मायक्रो-सीटीने जी जुनी फळं पुन्हा तपासली जातात, ती तपासता येतात कारण कुणीतरी तुकडे आणि चिठ्ठ्या जपून ठेवल्या.

विदर्भातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात चर्टचे जुने खोके पडून असतील, तर दगड धुण्याआधी त्यांवरच्या चिठ्ठ्यांचे फोटो काढा. शाई पुसट झाली असेल तर तिरप्या प्रकाशात फोटो घ्या, बऱ्याचदा गावाचं नाव वाचता येतं. गावाचं नाव आणि वर्ष असलेला तुकडा संशोधनाच्या उपयोगाचा असतो. मग ओला करून भिंगाखाली धरा आणि पेशी दिसल्या तर करवत लावण्यापूर्वी या विषयात काम करणाऱ्या एखाद्याला फोटो पाठवा.